अक्षता पडल्या, हार राहिले

व्हिडिओ

माझ्या लग्नात मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला आणि मी नवरदेवाच्या डोक्यात अडकित्ता घातला. एकदा घालून थांबले नाही. दुसरा वार कपाळावर, तिसरा कानाच्या वर. मला यातलं काहीएक आठवत नाही, पण शूटिंगवाल्याने इमानेइतबारे सगळं टिपलं आहे. व्हिडिओत मी लाल शालूत आहे, ओठ मागे ओढलेले, दात दिसताहेत, आणि तोंडातून ज्या शिव्या निघतात त्या बाजारातल्या हमालांनाही एका दमात जमणार नाहीत. मागे सनई चालूच आहे. ती बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

आमच्याकडे हळद लागलेल्या माणसाच्या हातात लोखंड देतात. हळदीच्या अंगाला बाहेरचं लवकर धरतं, लोखंड असलं की जवळ येत नाही, अशी समजूत. नवरदेवाकडे लिंबू खोचलेली कट्यार, नवरीकडे अडकित्ता. माझ्याकडे आईचा होता, मुठीवर मोर असलेला. म्हणजे माझ्या रक्षणासाठी दिलेल्या वस्तूनेच मी नवरदेव फोडला. गावात यावर पुष्कळ विनोद झाले. त्यातले काही चांगलेही होते.

बरी झाल्यावर तपासणीला गेले, तेव्हा दवाखान्याच्या दारात एक मुलगी पाहिली. जीपमधून दोराने बांधून आणलेली. ओरडून ओरडून घसा बसलेला. तिची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सांगत होती, "माही पोरगी अशी नाही वो बाई, माही पोरगी अशी नाही." मी तिच्याजवळ जाऊन बसले. खूप सांगायचं होतं, पण मलाच रडू फुटलं. जे त्या बाईला सांगायचं राहिलं ते इथे सांगते आहे. मधलं बरंचसं मला इतरांनी सांगितलेलं आहे, कारण मी तिथे असूनही नव्हते.

सांबार

आम्ही भाजीपाला पिकवणारी माणसं. कारंजा लाडच्या अलीकडे आमचा मळा. वांगी, मेथी, पालक आणि सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडच्या लोकांना सांबार म्हटलं की इडली आठवते, त्याला आमचा इलाज नाही.

उमेश शिरपूर जैनचा. त्याची छोटी पिकअप गाडी. मळ्यामळ्यातून भाजी उचलायची आणि बाजारात पोचवायची, हा धंदा. रोज सकाळी फोन करून विचारायचा, "सांबार काढला काय?" मी म्हणायची, हो, काढला. बस, एवढंच बोलणं. मग एके दिवशी मी म्हटलं, आज सांबार नाही, येऊ नका. तरी गाडी आली.

"सांगतलं होतं ना, सांबार नाही म्हणून?"

"हाव, आयकलं," तो म्हणाला आणि गाडीतून उतरून पाणी मागितलं. तांब्या रिकामा केला, बांधावर जरा वेळ बसला आणि निघून गेला. उमेशचं प्रेम व्यक्त करणं एवढंच. मला ते पुरलं.

त्याची आई सुभद्राबाई. शिरपूरच्या बसथांब्यावर पेरू आणि भाजी विकते. कमरेला सुपारीची चंची, आवाज असा की उतरणारे प्रवासी आधी तिच्याकडे बघतात. मला पाहायला आली तेव्हा तिने पोहे बाजूला सारले आणि माझ्यापुढे मेथी टाकली. "जुडी बांध." मी बांधली. तिने ती जुडी हलवून, आपटून पाहिली. सुटली नाही. "जमते," म्हणाली. झाला पसंतीचा कार्यक्रम.

लग्नाला थोडे दिवस राहिले तेव्हा माझं डोकं दुखायला लागलं. झोप गेली. पंख्याचा आवाज शिव्या देतो असं वाटायचं. एका सकाळी उमेशचा फोन आला, नेहमीचंच विचारलं आणि मी त्याला इतकं घाण बोलले की शेजारची काकू चाळणी हातात धरून उभीच राहिली. मोठ्या बायांनी निदान केलं: लग्नाचा धसका. आई म्हणाली, सासरी गेली की उतरेल. मी मुळातच तोंडाळ, त्यामुळे आजार सुरू झाला तेव्हा तो माझा स्वभावच वाटला. ज्यांच्या घरी शांत मुलगी आहे त्यांना लवकर कळेल. माझ्यासारखी असेल तर जास्त लक्ष ठेवा.

हळद

हळदीच्या दिवशी दुपारी लाईन, म्हणजे वीज, आली. मळ्यातली मोटर चालू राहून पाणी वांग्यांत तुंबत होतं. मांडवात सगळे जेवत होते. मी तशीच उठले, हळदीच्या अंगाने, अडकित्ता ओट्यावर विसरून, आणि विहिरीवर जाऊन मोटर बंद करून आले. ही गोष्ट मला आठवते. माझ्या पूर्ण आठवणीतली ती शेवटची. वांग्याच्या पानांवर ऊन होतं आणि माझे हात पिवळे होते.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं ते वर सांगितलंच आहे. हार धरायला हात मोकळे हवेत म्हणून अडकित्ता शेल्यात खोचलेला होता, तो मी उपसला. उमेश खाली पडला तरी मी त्याच्या अंगावर होते. सोडवायला आलेल्या माझ्या मामाच्या मनगटाचा लचका तोडला. आईच्या तोंडावर लाथ बसली, तिचा दात आजही हलतो. चौघांनी मला मांडवाच्या खांबाला शेल्यानेच बांधलं. त्या गडबडीत अडकित्ता कुठे गेला कोणाला कळलं नाही. आईने नंतर तो विहिरीत टाकायला म्हणून शोधला, पण सापडला नाही.

वऱ्हाड तसंच उठलं. उमेशचं डोकं शिवायला नेलं. आणि मग कोणाला तरी कालचं आठवलं. हळदीच्या अंगाने, हातात लोखंड नसताना, भर दुपारी विहिरीवर गेली होती. सगळ्यांना एकदम उलगडा झाला. जे बाबा रोज मातीची ढेकळं फोडून बघितल्याशिवाय ओलाव्यावरही विश्वास ठेवत नाहीत, त्यांनीही मान हलवली. त्यांना दोष देत नाही. समोर जे दिसत होतं ते पाहून मीही तेच म्हटलं असतं.

टेकडीवर

मामा किन्हीराजाचा. तिकडच्या एका टेकडीवर कोणी एक बाहेरचं काढणारा आहे, हे त्याला माहीत होतं. मला तिथे नेलं.

तिथलं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं आणि तेवढंही आठवलं नसतं तर बरं झालं असतं. मिरच्यांची धुरी. नाकाडोळ्यांतून आग. केस धरून डोकं जमिनीवर आपटणारा एक हात, त्याच्या बोटातली अंगठी. ओल्या दोराचे फटके. "बोल, कोण हायेस? कुठून धरलं?" मी काहीबाही बोलत होते आणि प्रत्येक बोलण्यावर ते म्हणत, पाहा, बोलून राह्यलं. आई बाहेर कानावर हात ठेवून बसली होती. बाबा तिथे थांबू शकले नाहीत, टेकडी उतरून बाभळीखाली उभे राहिले. मी एकाच्या हाताचं बोट हाडापर्यंत चावलं. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

उमेश तिथे आला तो डोक्याला पट्टी बांधूनच. टेकडीच्या पायथ्याशी त्याने बाबांना, म्हणजे सासऱ्याला, विचारलं, "मामाजी, तुमी खाली काहून उभे हा?" तो गाडीतली लोखंडी टामी घेऊन वर चढला.

वर सांगायला-समजवायला तो गेलाच नव्हता. त्याने धुरीचं मडकं फोडलं. माझे केस धरणाऱ्याच्या खांद्यावर टामी घातली. मग ते चार-पाच जण त्याच्यावर तुटून पडले. शिवलेलं डोकं पुन्हा उसवलं, पट्टी लाल झाली. मामाच मधे पडून ओरडत होता, "आबे, पोरगी तुले मारून टाकीन! तिच्यात ती नाही राह्यली आता!"

"नसंन राह्यली. आपुन पाहू ना कुठी गेली ते. दवाखान्यात पाहू."

बाबा तोवर वर आले होते. त्यांनी एका काठीवाल्याला गचांडी धरून मागे ओढलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बापाने कोणावर हात उचलला. दोघांनी मिळून मला उचललं. उमेशच्या खांद्यावर टाकलं तेव्हा मी त्याचा खांदा चावला. तो जरा वेगाने उतरायला लागला. भाजीच्या रिकाम्या कॅरेटमध्ये, गोणपाटावर मला निजवलं आणि गाडी अकोल्याच्या रस्त्याला लागली. पातूरच्या घाटात मला पहिला झटका आला. आई म्हणते, माझं शरीर धनुष्यासारखं वाकलं आणि तिला वाटलं, गेली.

नाव

दवाखान्याची दिनचर्या मी तुम्हाला काय सांगू? मी खाटेला बांधलेली होते. हात-पाय रुंद पट्ट्यांनी, खाली कापूस लावून, काचू नये म्हणून. टेकडीवर बांधणं आणि इथलं बांधणं यात तो कापूस एवढाच फरक होता आणि तो फार मोठा फरक आहे. मी थुंकायची. जीभ चावून रक्त काढायची. सलाईन उपटून भिंतीवर फवारा उडवायची. एक सिस्टर होत्या, त्यांना माझा ठोसा डोळ्यावर बसला. दुसऱ्या दिवशी काळानिळा डोळा घेऊन आल्या आणि माझ्या नखांतली हळद ओल्या कापसाने काढत बसल्या. "नवरी होतीस ना गं," म्हणाल्या. हे आईने सांगितलं. सांगताना अजूनही ती रडते.

आधी सगळ्यांना वाटलं, वेड लागलं. मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र पाठीच्या कण्यातलं पाणी तपासायला काढलं. आणि एका सकाळी बाबांना खुर्ची देऊन बसवलं. म्हणाल्या, वेड नाही, भूत नाही, मेंदूला सूज आहे. शरीराची राखण करणारी जी फौज असते ती चुकून मेंदूवरच चालून गेली आहे. असं होतं. विशेषतः तरुण मुलींना होतं. आणि बरं होऊ शकतं.

बाबांनी विचारलं, "याले नाव हाये काय?"

बाईंनी नाव सांगितलं, इंग्रजी, लांबलचक. बाबांना ते आजही म्हणता येत नाही. पण नाव आहे म्हटल्यावर ते खुर्चीतच ओंजळीत तोंड घालून रडले. नाव असलेला आजार माणसांनाच होतो, हे त्यांना पटलं. टेकडीवर ते जे गमावून बसले होते ते त्या खुर्चीत त्यांना परत मिळालं.

दवाखान्यात पोटाचा फोटो काढला, तर अंडाशयात गाठ निघाली. बाई म्हणाल्या, फौज बिथरली ती या गाठीपायी. उमेशने हे आपल्या आईला असं समजावलं: "माय, तण निंदायले बाया लावल्या. त्यायनं तणासंगं पऱ्हाटी बी उपटली. आता तण काढल्याबिगर त्या बाया थांबत नाही." पऱ्हाटी म्हणजे कपाशी. सुभद्राबाईला हे एवढ्यात कळलं.

अक्षता

गाठ काढायची तर एका बाजूचं अंडाशय जाणार. आणि सही कोणाची घ्यायची हा प्रश्न आला.

माझे बाबा दवाखान्याच्या व्हरांड्यात उभे. तिकडून उमेशचे काका आलेले, शिरपूरची चार मोठी माणसं घेऊन. काकांचं म्हणणं सरळ होतं. लग्न झालंच नाही. हार पडले नाहीत, सप्तपदी नाही, मंगळसूत्र नाही. पोराचं डोकं फोडलं तेवढं पुरे, आता अर्ध्या पोटाची बायको कोण करते? बाबांची मान खाली. खरं सांगायचं तर त्यांनाही तीच धास्ती होती. सही केली आणि उद्या पोरीला मूल झालं नाही तर? ते पेन हातात घेऊन नुसते उभे राहिले.

उमेश म्हणाला, "आणा, मी करतो. मी नवरा हाओ."

"कायचा नवरा? हार तरी घातला काय तिनं?"

"मंगलाष्टकं झाले. अक्षता पडल्या."

काकाने त्याच्या थोबाडीत मारली. शिवलेल्या बाजूला. उमेशनेही काकाची कॉलर धरली, आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात, रोग्यांच्या नातेवाइकांसमोर, चुलते-पुतणे एकमेकांना भिंतीवर आपटायला लागले. वॉचमन धावला. कोणाचा तरी डबा उपडा झाला, वरण पायाखाली आलं.

सुभद्राबाई तोवर बाकावर बसून सुपारी कातरत होती. लग्नापासून ती माझ्या आईशी एकदाच बोलली होती. दवाखान्यात आली तेव्हाचं ते एकच वाक्य होतं, "माह्या पोराचं डोकं फोडलं, आता माहं घर फोडता काय?" आईने तेही मुकाट ऐकून घेतलं होतं. आता सुभद्राबाई उठली. सुपारीचं खांड गालात सारलं आणि दिराला म्हणाली:

"भाऊजी, अक्षता कोणी टाकल्या?"

"सगळ्यायनं टाकल्या."

"तुमी टाकल्या?"

"हाव, टाकल्या. पन..."

"म्या बी टाकल्या. आता काय मांडवात जाऊन येचून आणू? टाकलेले तांदूळ का येचता येते?"

काका म्हणाले, "वहिनी, उद्या लेकरू नाही झालं तर रडत बसशीन."

"रडीन. माह्या घरी रडीन, तुमच्या दारात नाही येणार." मग उमेशकडे वळली. "कर सही. अन् शर्ट घाल आत. नवरा म्हणते स्वतःले अन् अवतार पाह्य."

उमेशने सही केली. खाली बाबांनीही केली.

गाठ निघाली. त्यात केस होते आणि एक दात. अशा गाठीत ते सापडतं, जन्मतःच असतं, डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समजावून सांगितलं. मामाने ते ऐकलं आणि गावात जाऊन सांगितलं, पाहा, पोटातून केस निघाले, म्हणजे करणीच होती. आमच्या मामाला अजून तसंच वाटतं. दिवाळीला येतो, माझ्या हातचं जेवतो, मनगटावरचा वण दाखवतो आणि म्हणतो, "मी नाही म्हटलं होतं?" मी त्याला जास्तीची पुरणपोळी वाढते. काही माणसं औषधाने बरी होत नाहीत.

जाग

गाठ काढली तरी मी लगेच उठून बसले नाही. काही काळ मशीनने श्वास दिला. मग नुसती पडलेली, डोळे उघडे, आत कोणी नाही. या काळातल्या दोनच गोष्टी माझ्याजवळ आहेत आणि दोन्ही आवाज आहेत. एक, उशाशी बारीक कट्, कट्. कशाचा, कळत नव्हतं. पण तो थांबला की मला भीती वाटायची आणि सुरू झाला की वाटायचं, कोणीतरी आहे.

दुसरा आवाज रोज सकाळी यायचा. उमेश बाजार करून, शिरपूर-कारंज्याचा माल उतरवून, थेट अकोल्याला यायचा. उजवा हात माझा अजून उडायचा, म्हणून तो डाव्या अंगाला उभा राहायचा आणि कानाशी वाकून विचारायचा, "सांबार काढला काय?" उत्तर नाही. मग तो मला बाजार सांगायचा. आज वांगे कोणी पुसून नाही राह्यलं. आज फुलगोभीत अळी निघाली. सिस्टर हसायच्या. नवी नवरी आणि हा गोभीतल्या अळीचं बोलतो.

एका सकाळी त्याने विचारलं, "सांबार काढला काय?"

मी म्हटलं, "पाणी नाही लागलं."

म्हणजे जमीन कोरडी आहे, सांबार मुळासकट निघत नाही, तुटतो, म्हणून नाही काढला. पूर्ण शहाणं उत्तर होतं. उमेश तिथेच जमिनीवर बसला. सिस्टरला वाटलं, यालाच चक्कर आली.

नको

सिनेमात इथे संपतं. खऱ्यात बरं होणं आजाराहून वाईट. चमचा तोंडापर्यंत नेताना कपाळाला लागायचा. "तांब्या" हा शब्द आठवला नाही म्हणून मी ताट भिंतीवर भिरकावलं आणि मग तासभर रडले. घरी आले तेव्हा आई माझ्यासमोर विळी ठेवायची नाही. भाजी चुलीमागे लपून चिरायची. ती विळी लपवताना मी पाहिलं आणि मला कळलं की माझी आई मला घाबरते. टेकडीवरचे फटके इतके लागले नव्हते.

मग मी व्हिडिओ मागितला. कोणी देत नव्हतं. शेजारच्या काकूच्या फोनमध्ये होता, अख्ख्या तालुक्याच्या फोनमध्ये होता. पाहिला. पुन्हा पाहिला. ती बाई मी होते.

डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, हे परत येईल का? त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, शक्यता कमी आहे, पण नाहीच असं म्हणणार नाही. या एका वाक्याने माझी झोप उडाली. उद्या उमेश ताटावर बसलेला असेल, मी पाठीमागे उभी असेन, आणि आत काहीतरी फिरेल. तेव्हा हातात काय असेल? विळी? सांडशी? वरवंटा? मला मरणाची भीती नव्हती. माझ्याच हातांची होती.

उमेश मळ्यात आला तेव्हा सांगून टाकलं. "माहं लग्न झालं नाही. मले काही आठवत नाही. जे मले आठवत नाही ते मी मानत नाही. तुमी मोकळे. उपकाराचं लग्न मले नको."

त्याने बराच वेळ बांधावरचं गवत उपटलं.

"मले सगळं आठवते," तो म्हणाला. "पन तुले आठवत नाही तर तुह्यावर जबरदस्ती नाही. अक्षता माह्यावर पडल्या, तुह्यावर नाही पडल्या, असं समज."

"अन् परत मारलं तर?"

"तर परत शिवून घेईन. टाके का कोणी खाऊन टाकले दवाखान्यातले?"

"हसू नका! मारून टाकीन मी एखाद दिवशी!" मी ओरडले, ढेकूळ उचललं आणि फेकलं. त्याच्या छातीवर फुटलं. आम्ही दोघंही त्या ढेकळाकडे पाहत राहिलो. तो शर्ट झटकून म्हणाला, "हे आजाराचं नाही. हे तुहं हाये. फरक समजते मले." आणि गाडी घेऊन निघून गेला.

त्या वाक्याचा मला आधी राग आला. मग मी त्यावर विचार करत वांग्यांची अख्खी ओळ खुरपली. मला स्वतःला जो फरक कळत नव्हता तो या माणसाला कळत होता. आजारातली मी आणि रागातली मी, दोघींचा मार त्याने खाल्ला होता.

पुढचे कितीतरी दिवस सकाळी फोन यायचा. "सांबार काढला काय?" मी "हो" किंवा "नाही" म्हणून ठेवून द्यायची. त्याने एकदाही दुसरा विषय काढला नाही. शेवटी एका सकाळी मीच आधी फोन लावला.

"सांबार काढून ठेवला. गाडी आना. अन् संगं आत्याबाईले बी आना."

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. पलीकडून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

हार

दुसऱ्यांदा मंगलाष्टकं म्हणायची नाहीत, हे सुभद्राबाईने, म्हणजे आता माझ्या आत्याबाईने, ठरवलं. अक्षता एकदाच पडतात. राहिले होते ते हार, मंगळसूत्र आणि सात पावलं. आमच्याच अंगणात, घरचीच माणसं. उमेशचे काका आले नाहीत. मामा आला आणि जरा लांबच बसला.

आईने मला थोडी हळद लावली. हळद लागली की नवरीच्या हातात लोखंड द्यायचं असतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. आई माझ्याकडे बघेना. तिने लिंबू आणलं आणि म्हणाली, "या खेपी लिंबूच राहू दे. चालते तसं बी." सगळे घाईघाईने म्हणाले, हो, हो, चालते.

मी लिंबू हातात घेतलं. मनात म्हटलं, जया, हे आता असंच राहणार. तुझ्या हातात जन्मभर लिंबूच देतील.

"लोखंडाबिगर नवरी कशी?" आत्याबाई म्हणाली. तिने कमरेची चंची सोडली, सुपारी, कात, चुन्याची डबी बाजूला केली आणि अडकित्ता काढून माझ्यापुढे धरला. मुठीवर मोर होता.

आईच्या तोंडून "अगं माय" निघालं. मी मागे सरकले. "नको, आत्याबाई. हा नको."

"काहून नको? मांडवात पडला होता, म्या उचलला. चांगल्या लोखंडाचा हाये, धार अशी की हाडकासारखी सुपारी कातरते." तिने माझा हात ओढून घेतला. "दवाखान्यात तुह्या उशाशी बसून याच्यानंच कातरत होती मी, मोर मुठीत झाकून. रोज. पट्ट्या सोडल्यावर बी. तुह्या हाताच्या एवढ्याश्या अंतरावर ठेवून डोळा लागायचा माहा. तू एकदा तरी हात घातला काय?"

कट्, कट्. मला तो आवाज ऐकू आला. तो थांबला की मी घाबरायची तो आवाज.

"नाही," मी म्हटलं.

"मंग धर."

मी धरला. आता हार कसा घालायचा? पहिल्या वेळी शेल्यात खोचला होता. मी आत्याबाईकडे पाहिलं, तर ती सुपारी चघळत दुसरीकडेच बघत होती.

मी अडकित्ता शेल्यात खोचला आणि दोन्ही हातांनी हार उचलला. समोर उमेश. केसांतून कपाळावर उतरलेला पांढरा वण, एक कानाच्या वर, एक डोक्यात. मामा उठून उभा राहिला होता.

उमेशने कोणाकडे पाहिलं नाही. त्याने डोळे मिटले आणि डोकं खाली वाकवून माझ्यापुढे धरलं.

मी हार घातला.